कोपरावर गुंडाळलेली वायर

पंधरा मीटर लांब, करंगळीएवढी जाड आणि उन्हाने रंग विटलेली अशी मी एक जुनी वायर आहे. मित्रांनो, मला घरातल्या वायरींमध्ये धरू नका. गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घराला, म्हणजे व्हॅनला, वीज पोचवण्याचे माझे काम. मुक्कामाच्या मैदानावर प्रत्येक जागेपाशी विजेचा एक खांब असतो. माझे एक टोक त्या खांबाला आणि दुसरे व्हॅनला. माझे सगळे आयुष्य या दोन टोकांच्या मध्ये गेले.

जन्माबद्दल सांगण्यासारखे फारसे काही नाही. तांब्याच्या बारीक तारांचे तीन पेड, त्यांवर तीन रंगांचे अंगरखे आणि सगळ्यांवर मिळून एक नारिंगी कातडी. कळू लागले तेव्हा मी हॉर्शममधल्या एका दुकानात आकड्याला लटकत होते. तिथे एक दिवस क्लेम आणि नोरीन आले. क्लेम चाळीस वर्षे गव्हाच्या कोठारावर काम करून नुकताच निवृत्त झाला होता. दोघांनी व्हॅन घेतली होती. दर हिवाळ्यात उत्तरेला उन्हाकडे जायचे, असा बेत होता; दक्षिण गोलार्धातल्या आमच्या देशात ऊब उत्तरेला असते.

क्लेमने माझ्या शेजारची बारीक वायर उचलली. "ही बघ, किती हलकी आहे."

"हलकी आहे म्हणूनच नको," नोरीन म्हणाली. "आपल्याला किटली आणि हीटर चालवायचाय. ख्रिसमसच्या माळा नाही लावायच्या."

दुकानदाराने मला खाली काढले. "बाई बरोबर बोलतायत. हिच्या प्लगचा हा तिसरा दात बघा, इतरांपेक्षा रुंद आहे. घरातल्या साध्या सॉकेटमध्ये शिरतच नाही. व्हॅनला अशीच लागते. जड आहे, पण दगा देणार नाही."

"लग्नाच्या वेळी मला हेच सांगितलं होतं," क्लेम म्हणाला.

"मग? वस्तू टिकली की नाही?" नोरीनने विचारले आणि पैसे काढले.

पहिल्याच मुक्कामानंतर क्लेमने मला सांडपाण्याच्या पाइपाबरोबर एका पेटीत कोंबले. नोरीनने ते पाहिले. ती ओरडली नाही. "तुझा टॉवेलही तिथेच ठेवू का?" एवढेच तिने विचारले. नंतर तिने जुन्या तंबूच्या कापडाची एक पिशवी शिवली. तेव्हापासून ती पिशवी माझे घर झाली.

दोघांचे खरे भांडण माझ्या गुंडाळण्यावरून होते. क्लेमने जन्मभर दोर गुंडाळले होते, तेही अंगठा आणि कोपर यांच्याभोवती, भराभर. मलाही तो तसाच गुंडाळी. दोराला ते चालते, मला चालत नाही. प्रत्येक वेढ्याला आतल्या तारांना पीळ बसतो. नोरीन मला जमिनीवर आठाचा आकडा काढत सैल ठेवी. त्याला वेळ लागतो, पण अंग मोकळे राहते. क्लेमचे गुंडाळून झाले की ती मला पिशवीतून काढून पुन्हा सोडी.

"पुन्हा सोडलीस?"

"तू पुन्हा पिळलीस म्हणून."

एकोणीस हिवाळे मी हे ऐकले. त्यात कोणाला राग आल्याचे मला कधी जाणवले नाही.

माझ्या अंगावर एका ठिकाणी चपटा डाग आहे. मिल्ड्युराच्या मुक्कामी एकदा कडाक्याची थंडी होती. क्लेमने मला अर्धीच सोडली, बाकीचे वेटोळे तसेच ठेवले आणि हीटर लावला. आतल्या आत मी इतकी तापले की माझी कातडी मऊ पडली. वेळीच नोरीनला वास आला. दुसऱ्या वेळी मुलीच्या घरी, जनेलकडे, माझा रुंद दात भिंतीतल्या सॉकेटमध्ये शिरेना, तेव्हा क्लेम कानस घेऊन आला. दात थोडा घासला की काम झाले, असे त्याचे म्हणणे. नोरीनने त्याच्या हातातून कानस काढून घेतली. ती कानस पुन्हा कुणाला दिसली नाही.

मग क्लेम विसरू लागला. मी खांबाला जोडलेली असतानाच त्याने एकदा गाडी सुरू केली आणि माझा प्लग मुळासकट उपटला. ही चूक व्हॅन घेऊन फिरणाऱ्या प्रत्येकाकडून एकदा तरी होते. सारे मैदान हसले, क्लेमही हसला. मला नवा प्लग बसला. त्याच महिन्यात तसेच पुन्हा झाले तेव्हा थोडे लोक हसले. तिसऱ्यांदा कोणीच हसले नाही.

डॉक्टरांनी त्याचे गाडी चालवणे बंद केले. जनेल घरी येऊन आईला म्हणाली, "आई, व्हॅन विकून टाक. बाबांना घेऊन दीड हजार किलोमीटर? वेड लागलंय का तुला?"

"त्याला तुझ्या मुलांची नावं आठवत नाहीत," नोरीन म्हणाली. "पण रस्ते आठवतात. कुठल्या वळणावर काय आहे ते सगळं सांगतो. ते आहे तोवर मला त्याच्याबरोबर जायचंय. हा एक हिवाळा."

सत्तराव्या वर्षी नोरीन गुरांच्या बाजाराच्या रिकाम्या आवारात व्हॅन मागे घ्यायला शिकली. क्लेम मागे उभा राहून हात करी. "डावीकडे घे. तुझी डावी, नोरीन. माझी नाही." कचऱ्याची दोन पिंपे त्यात चेपली. तिसऱ्या आठवड्यात ती एका दमात व्हॅन जागेवर लावू लागली आणि आम्ही निघालो.

वायर काढायची विसरू नये म्हणून बरेच जण गाडीची किल्ली विजेच्या खांबावरच टांगतात. वायर काढायला गेल्याशिवाय किल्ली मिळत नाही. नोरीननेही हे सुरू केले. तिचे कारण वेगळे होते. क्लेम अधूनमधून गाडीत जाऊन बसायचा, आणि मैदानाबाहेरच्या रस्त्यावर गुरांनी भरलेले लांबलचक ट्रक धावत. तिने त्याला सांगितले, "मी नवशिकी आहे. माझ्या लक्षात राहायला हवं."

"बायकोच्या हातात गाडी दिली की हे असंच व्हायचं," क्लेम म्हणाला. त्या दिवशी तो खुशीत होता.

जातानाचा शेवटचा मुक्काम नदीकाठी होता. व्हॅन गाडीपासून सोडवून ठेवलेली होती. एका पहाटे, गवतावर दहिवर गोठलेले असताना, क्लेम बाहेर आला. अंगात पायजमा, डोक्यावर हॅट. "जनेलची शाळा सुटेल," तो पुटपुटत होता. जनेल तेव्हा एक्कावन्न वर्षांची होती. त्याने गाडीचे दार उघडले, आत पाहिले आणि किल्ली शोधत शोधत खांबापाशी आला. किल्ली त्याला दिसली. ती त्याने खिशात टाकली.

आता त्याला कोणी अडवणार नव्हते. गाडी मोकळी होती, माझ्याशी त्याचे काही काम नव्हते. पण त्याची नजर माझ्यावर पडली आणि तो थांबला. प्लग उपटला गेला त्या तीन खेपा सोडल्या, तर वायर आवरल्याशिवाय तो कुठल्याही मुक्कामावरून निघालेला नव्हता. त्याने खांबावरचे बटण बंद केले, मला उपटले, डावा हात वर धरला आणि कोपरावर गुंडाळायला सुरुवात केली.

थंडीने मी ताठ झाले होते आणि त्याचे हात आता भराभर चालत नव्हते. पंधरा मीटर संपायला वेळ लागला. आत हीटरचा पंखा बंद पडला होता. त्या शांततेने नोरीनला जाग आली. शेजारी कोणी नव्हते. ती अनवाणीच बाहेर धावली.

"जनेलला आणायला निघालोय," क्लेम म्हणाला. "ही तेवढी होऊ दे."

"होऊ दे," नोरीन म्हणाली.

त्याचे संपेपर्यंत ती गोठलेल्या गवतात उभी राहिली. मग तिने हात पुढे केला. "किल्ली दे. गाडी मी काढते."

त्याने खिशातून किल्ली काढली, पण मुठीतच धरून ठेवली. "तुम्हाला येते चालवायला?"

माझ्या एकोणीस वर्षांत त्याने तिला कधी 'तुम्ही' म्हटले नव्हते. "येते," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याने शिकवलंय."

त्याने किल्ली दिली. नदीच्या रस्त्याने एक फेरी मारून दोघे परत आले, तोवर तो शाळा विसरला होता. नोरीनने टोस्ट भाजले, त्याला खाऊ घातले आणि जनेलला फोन केला. "आम्ही घरी येतोय," ती म्हणाली. मला तिने जशी होते तशी पिशवीत ठेवले. परतीच्या वाटेवर तीन मुक्काम झाले. तिन्ही ठिकाणी खांब होते. तिने चहा गॅसवर केला, क्लेमच्या अंगावर दोन पांघरुणे जास्त घातली आणि पिशवी उघडली नाही.

या गोष्टीला आता दोन वर्षे झाली. क्लेम गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात असतो. नोरीन रोज दहा वाजता तिकडे जाते. व्हॅन विकली गेली, आणि मी शेडमध्ये खिळ्यावर आहे. मागच्या महिन्यात जनेल आवराआवर करायला आली होती. तिने मला खाली काढले. "केवढी पिळलीये ही. बाबांचंच काम," ती म्हणाली आणि माझा पहिला वेढा सोडवू लागली.

"राहू दे ती," नोरीन दारातून म्हणाली.

"अगं, पण तूच तर नेहमी..."

"माहीत आहे मला. राहू दे."

जनेलने मला परत खिळ्यावर अडकवले.

तर मित्रांनो, माझ्यासारखी वायर घ्याल तेव्हा जाड घ्या. वापरताना पूर्ण सोडा. तिचा दात घासू नका, तिला सांडपाण्याच्या पाइपाशेजारी ठेवू नका. कोपरावर तर मुळीच गुंडाळू नका, आतल्या तारा दुखावतात, हे मी अनुभवाने सांगते. आणि कुणाच्या घरी खिळ्यावर तशी गुंडाळलेली एखादी वायर दिसलीच, तर सोडवण्याआधी घरात एकदा विचारा.