बिनभोकाच्या पापड्या

गोकुळाष्टमीला कानोबाच्या डोक्यावर टांगायचा गोड पापड्यांचा फुलोरा आजवर सुगंधाबाईंच्याच हातचा. या सालीही त्यांनी तो सोडला नसता, पण धानाच्या अर्ध्या बांधीचं रोवणं राहिलं होतं आणि रोवणाऱ्या बाया उद्या मिळायच्या नव्हत्या. अष्टमीच्या सकाळी पदर खोचून निघताना त्या सुनेला म्हणाल्या, "फुलोरा तूच कर, रुखमा. दिवस मावळाच्या आत मांडवाले लटकला पायजे. भजनाले सारं गाव येते, नजर तिथीच जाते सगळ्याईची."

रुखमाच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. आजवर फुलोऱ्याची कणीक मळायची आणि चुलीत काड्या सारायच्या, एवढंच तिचं काम. आज सगळंच हातात आलं, म्हणून रुखमा उपाशीपोटीही हलकी हलकी चालत होती.

गुळाच्या पाण्यात कणीक भिजवली. पापडी लाटायची, मधोमध काडीनं भोक पाडायचं, मग तळायची. त्याच भोकात दोरा ओवून देवाच्या डोक्यावर टांगायची. हे तिला पाठ होतं. पण पहिला घाणा कढईत पडतो न पडतो, तोच पाळण्यातली पोर जागी झाली. बिचारीला दात येत होते. रुखमानं पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधली. पाय पाळणा हलवी, हात पापड्या लाटीत, तोंडानं गुणगुणणं. पोर निजली तेव्हा टोपलं काठोकाठ भरलं होतं.

दोरा घेऊन बसली, आणि तिचा हात थांबला. एकाही पापडीला भोक नव्हतं.

सुईनं टोचून पाहिलं. पापडीचे दोन तुकडे. दुसरीचे तीन. पीठ संपलेलं, गिरणी बंद. सासूनं पहिल्यांदा विश्वास टाकला, आणि हे असं झालं.

तेवढ्यात तिचा नवरा लटारू कुंभाराकडून मातीचा कानोबा घेऊन आला. उद्याच्या पंगतीसाठी पळसाची पानंही काखेत होती. सगळं ऐकून तो म्हणाला, "मंग कानोबाले सांग, टोपल्यातूनच खाय म्हणा."

"तुमाले हासू येऊन राह्यलं," रुखमा म्हणाली. पण तिची नजर पानांवर गेली.

दोघं पानांच्या वाट्या, दोने टोचायला बसली. एकेका दोन्याला तीन दोरे, दोन्यात चार-चार पापड्या. दिवस कलेपर्यंत मांडवाखाली हिरवे दोने डुलू लागले.

सुगंधाबाई पायाच्या चिखलानिशी दारात उभ्या राहिल्या. वर पाहत राहिल्या. मागोमाग शेजारची बायनाबाई डोकावली. "हे काय वं नवीन?"

रुखमानं उरलेला दोरा पदराआड केला.

"नवीन काऊन?" सुगंधाबाई म्हणाल्या. "कानोबा लेकरूच हाये ना? लेकराले दोन्यातच खाऊ देतेत. आमच्या घरी फुलोरा आता असाच राह्यते."

मग पाय धुवायच्या निमित्तानं सुनेला मागं नेलं. "भोकं इसरली?"

"हो, आत्याबाई. पोर रडत होती."

"माह्या पहिल्या साली तुहा नवरा रडत होता. साऱ्या पापड्या जाळल्या मी." त्यांनी तांब्या तिच्या हातात दिला. "पुढच्या सालीबी तूच कर. मी पोर सांभाळतो."

आत मांडवाजवळ पोर जागी होऊन दोन्यांकडे हात उंचावत होती. बायनाबाई मात्र जाता जाता आपल्या कानोबासाठी पळसाची चार पानं मागून घेऊन गेली.