मूळ फोटो जोडा

कॉम्प्युटरच्या पडद्यावर डाव्या बाजूला एक डाग होता, तपकिरी, लांबट, मसुरीच्या डाळीएवढा — तिने ओढणीचं टोक ओलं करून तो पुसला, मग नखाने खरवडला, आणि तरी तो हलेना तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, की तो पडद्यावर नाहीच, ठकूच्या गालावर आहे. तीन वर्षं रोज बघतो आपण तो गाल... आणि आपल्याला कचरा वाटला.

आज सहा फ्रॉक ऑनलाइन पानावर चढवायचे होते. शिवलेले तिने, फोटो काढलेले तिने, आणि ते अंगात घालून उभी राहणारी ठकूही तिचीच, पाच वर्षांची. पुढचं काम हाताला पाठ होतं. आधी फोटो असा कापायचा की खिडकीबाहेरच्या इमारतीची पाटी दिसता कामा नये. मग फोटोच्या पोटात असते ती माहिती, कुठे काढला, कधी काढला, ती सगळी पुसायची, कुणाला घराचा माग लागायला नको. आकार इतका लहान करायचा की चोरून छापायला गेलं तर चेहऱ्याचे चौकोन पडावेत. आणि शेवटी फोटोवर फिकट अक्षरांत आपल्या पानाचं नाव. तेही कोपऱ्यात नाही, मधोमध. कोपरा कापता येतो, हे तिला मागच्याच महिन्यात कळलं होतं.

नणंदेने दुसऱ्याच कुठल्या ऑनलाइन दुकानातला एक फोटो पाठवला होता. “वहिनी, ही आपली ठकूच ना? कुणाच्या दुकानात उभी केलीस हिला?” आणि मग हसत, “काय गोड दिसतेय गं. मी तर आधी ओळखलंच नाही.”

ठकूच होती. पिवळा फ्रॉक तोच, डाव्या बाहीची किंचित वर गेलेली शिवणसुद्धा तीच. कोपऱ्यातलं नाव कापलेलं, आणि गाल — गाल कोरा. चोराने डाग काढून टाकला होता, आणि किती सफाईने... त्याचं एक मिनिटही गेलं नसेल. त्या एका मिनिटात त्याने तिची इस्त्रीच्या आधीची मुलगी तिला परत दिली होती.

त्या दिवशी तापलेली इस्त्री जमिनीवरच होती. घडीची रेघ मोडायला नुसती एकदा फिरवली होती, तेवढ्यात खिडकीतून उजेड आला, तो जाईल म्हणून ती फोनमध्ये बघत मागे मागे सरकत होती — खाली बघ बाळा, हं, अजून थोडं खाली — आणि दोन वर्षांची ठकू शहाण्यासारखी खाली वाकत गेली... फोनमध्ये ते फार छान दिसत होतं.

“मस्ती करत होती,” तिने डॉक्टरांना सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, सासूला सांगितलं. आता कुणी विचारलं की ठकू स्वतःच सांगते, मी मस्ती केली. आणि तिला ते ऐकवत नाही, असंही नाही.

चोराविरुद्ध तक्रार करायला तिने फॉर्म उघडला होता. शेवटचा रकाना : मूळ फोटो जोडा. मूळ म्हणजे डागासकट. मूल आपलं आहे याला पुरावा तेवढाच... तिने फॉर्म अर्धा सोडला. चोराचा फोटो मात्र जपून ठेवला. दिवसातून एकदा उघडून बघते. एकदा कसलं, चारदा.

सकाळी बूट चढवता चढवता नवऱ्याने विचारलं होतं, “काय झालं गं तुझ्या तक्रारीचं?”

“बघतायत ते.”

“मूळ फोटो वेगळे ठेवत जा. एकदा पुसलंस की गेलं.”

“ठेवलेत.”

ठेवले नव्हते. आता तिने चोराचा फोटो शेजारी लावला, त्या गालाचा रंग उचलला आणि या गालावर हलक्या हाताने फिरवत राहिली. जुना फोटो पुसून त्याच जागी हा ठेवू का, पडदा विचारत होता. हो. पुन्हा, हो. पाच गाल झाले. सहाव्यालाही तोच प्रश्न येऊन थांबला होता, तेव्हा ठकू झोपेतून उठून मागे येऊन उभी राहिली.

“ही कोण?”

“तूच की गं. वेडी.”

ठकू बराच वेळ बघत राहिली. मग पडद्यावरच्या गालावर बोट टेकवलं. “मग माझी मस्ती कुठे गेली?”

“बोट काढ. पडदा खराब होतो.”

ठकूने बोट काढलं. जरा विचार केला आणि गाल पुढे केला. “इथली पण पूस.”

हसायला हवं होतं. जवळ घ्यायला हवं होतं. ओढणीचं टोक अजून ओलं होतं, आणि तिने ते खरंच उचललं, हनुवटी धरली, चेहरा उजेडाकडे वळवला — डाग या बाजूने कमी दिसतो, हेही मनाने टिपून घेतलं — आणि सवयीने म्हणाली, “जरा खाली बघ.”

ठकू वाकली नाही.

मान ताठ ठेवून आईकडे बघत राहिली, न रागावता, न घाबरता, नुसती... दोन वर्षांच्या मुलाला काही आठवत नाही. डॉक्टर म्हणाले होते. नणंदही म्हणाली होती, लहान आहे, विसरेल. हनुवटी धरलेला आपला हात सैल होत नाहीये, हे तिला दिसत होतं. आणि या दोघींतली आपल्याला कोणती हवी, हे तिला इतकं लख्ख कळलं की तिने आधी नजर वळवली ती पडद्याकडे, जिथे प्रश्न अजून तसाच होता.