कधीमधी लागणारं यंत्र

मी लिंगराज गुरुजींच्या घरातला सायक्लोस्टाईल बोलतोय. गावाचं नाव सांगत नाही. जिंतूर तालुक्यातलं आहे एवढं पुरे. नाव सांगितल्यानं झालेलं काही बदलत नाही.

नव्या पोरांना सायक्लोस्टाईल म्हणजे काय ते सांगावं लागतं. मी एक लाकडी पेटी आहे. झाकणाच्या चौकटीत बारीक जाळीचं कापड ताणलेलं, त्याखाली मेणकागद चिकटवायचा. मेणकागदावर टोकदार लोखंडी कलमानं लिहिलं की तेवढ्या रेघांवरचं मेण निघतं. मग वरून शाईचा रूळ फिरवला की शाई त्या रेघांतून खालच्या कोऱ्या कागदावर उतरते. एका वेळी एकच कागद निघतो. चौकट उचला, कागद काढा, दुसरा ठेवा. माझं काम एवढंच.

गुरुजींनी मला निवडायला तीन महिने घेतले होते. परभणीच्या दुकानात ते चार वेळा आले. पहिल्या वेळी नुसतंच बघून गेले, दुसऱ्या वेळी वही घेऊन आले. माझ्याशेजारी एक मोठं यंत्र होतं, पिंपासारखं गोल, हँडल फिरवलं की कागद भराभर बाहेर पडायचे. गुरुजींची नजर सारखी त्याच्यावर जायची.

"महिन्याला किती कागद काढनार?" दुकानदारानं विचारलं.

"महिन्याला कशाचं? कधीमधी. चाचणीचे पेपर, बसवजयंतीचा कार्यक्रम, कुनाची लग्नपत्रिका."

"मग मोठं घेऊच नका, मास्तर. कधीमधी वापरलं की त्याच्या पोटात शाई सुकती, अन् मग धुवायलाच दिवस जातो. हे छोटं न्या. फडक्यानं पुसलं की खल्लास."

सल्ला खरा होता. माणसं मोठी वस्तू घेतात ती चार दिवसांच्या गरजेसाठी आणि मग तिची धूळ झटकत बसतात. गुरुजी तसे नव्हते. तरी घरी आणल्यावर गुरुजींच्या पत्नी भागम्मा म्हणाल्याच, "घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून, अन् आता ह्ये खोकं पाहावं घेऊन!" पण त्यांनीच पुढच्या खोलीत खिडकीखाली माझी जागा केली आणि जुन्या लुगड्याचा तुकडा माझ्यावर घातला. हे सारं शहात्तर सालचं.

एक अडचण लगेच लक्षात आली. गुरुजींचा हात जड. कलम दाबलं की मेणकागद फाटायचा. तेव्हा त्यांनी शाळेतल्या चंद्रभान गुरुजींना बोलावलं.

चंद्रभान गुरुजी गावाबाहेरच्या वस्तीत राहायचे. वस्तीतला नोकरीला लागलेला तो पहिला माणूस. त्यांच्या अक्षराला तोड नव्हती. प्रत्येक अक्षर आपल्या जागी नीट बसलेलं, वेलांटी जिथं वळायला हवी तिथंच वळायची. ते ओट्यावर बसून लिहायचे. आत कधी आले नाहीत, त्यांना कुणी बोलावलंही नाही. लिहून झालं की मेणकागद खिडकीत ठेवायचे. त्यांच्या हातून आलेल्या बाकी वस्तूंवर भागम्मा पाण्याचा शिंतोडा उडवून मगच आत घ्यायच्या. मेणकागदाला मात्र पाणी चालत नाही, सुरकुततो. म्हणून तेवढा एक कागद कोरडाच आत यायचा.

दोन वर्षांत गावातली निम्मी लग्नं माझ्यातून निघाली. किशनरावांच्या पोरीची पत्रिकाही मीच छापली. किशनराव म्हणजे गावातले मोठे जमीनदार, शाळेच्या समितीवर. पत्रिका हातात घेऊन लोक म्हणायचे, "काय अक्षर हाय हो!" अक्षर कुणाचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी तसं बोलायचं नसतं, म्हणून लोक यंत्राचं कौतुक करायचे. मी उगीच फुगायचो.

उमादेवी ही गुरुजींची एकुलती लेक. तिला पाटीवर अक्षर चंद्रभान गुरुजींनीच शाळेत गिरवायला लावलं होतं. मॅट्रिक होईपर्यंत तिच्या वह्या आणि त्यांच्या वह्या शेजारी ठेवल्या तर कोणती कुणाची ते कळायचं नाही. याचा तिला फार अभिमान होता.

मग अठ्ठ्याहत्तरचा आषाढ आला. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव मुंबईत झाला आणि इकडे मराठवाडा पेटला. रेडिओवर बातम्या यायच्या, त्या भागम्मा बंद करायच्या. एका दुपारी किशनराव आले. हातात एक कागद. त्यांनी तो गुरुजींपुढं ठेवला.

"ह्येच्या तीनशे प्रती काढून द्या."

गुरुजींनी वाचलं. नामांतराला विरोध, बाजार बंद ठेवा, वगैरे. शेवटची ओळ वस्तीतल्या लोकांविषयी होती. ती मी इथं सांगणार नाही. गुरुजींचा चेहरा उतरला.

"घरगुती यंत्र हाय आमचं, किशनराव. कधीमधीचं."

"मग कधीमधीच आलोय की. रोज येतो का?"

आपल्याकडे घरी मागायला आलेल्याला शिडी नाही म्हणत नाहीत, पाटा-वरवंटा नाही म्हणत नाहीत. त्याच हिशेबात मीही बसलो होतो. गुरुजींना नाही म्हणता आलं नाही. मला वाटतं त्यांनी प्रयत्नही केला नाही, पण मी कोण सांगणारा.

"लिहिनार कोन?" गुरुजी म्हणाले. "चंद्रभानला कसं सांगनार?"

"त्येला कशाला? तुमची पोर लिहिती ना. पत्रिकेवानी अक्षर पायजे बगा. लोकं वाचतील असं."

यात कपट नव्हतं. किशनरावांना वाचता येईल असं अक्षर हवं होतं, बस. गावात चांगलं अक्षर म्हणजे तेच अक्षर. दुसरं कुणी बघितलंच नव्हतं.

उमादेवी कागद घेऊन बसली. शेवटच्या ओळीवर तिचं कलम थांबलं. तिनं वर बघितलं. गुरुजी म्हणाले, "तू नुसतं वळन बघ, उमा. मजकूर बघू नको."

तिनं वळण बघितलं. मीही वळणच बघितलं. माझ्या अंगावरून रूळ तीनशे वेळा फिरला आणि मला काही वाटलं नाही. लग्नपत्रिकेलाही रूळ तसाच फिरतो.

पाचव्या दिवशी चंद्रभान गुरुजी आले. ओट्यावर बसले नाहीत, खाली उभे राहिले. हातात ते पत्रक.

"गुरुजी, ह्ये वस्तीत आलं. आश्रुबानं पहिल्यांदा वळखलं. आमच्यातला जानता मानूस त्यो. म्हनला, चंद्रभान, तुजंच अक्षर हाय, नोकरीपायी आमाला इकलंस. साऱ्या वस्तीचे अर्ज मीच लिहून देतो, मंग अक्षर कोन वळखनार न्हाई? काल माज्या दारात कुनी आलं न्हाई. माजी बायको सुमन पाण्याला गेली तर बाया उठून गेल्या."

लिंगराज गुरुजींनी ते पत्रक हातात घेतलं नाही.

"बाहेरचे लोक घरं जाळायलेत, त्येची भीती हायच. पण ह्ये आपल्याच लोकांत... तुमी एवढंच लिहून द्या, ते अक्षर माजं न्हाई म्हनून. सही करा. मी दाखवतो सगळ्यायला."

"तुमचं न्हाई म्हनलं की इचारतील, मग कुनाचं? पोरीचं नाव येईल, चंद्रभान. लग्नाची हाय ती. अन् किशनराव..."

उमादेवी दाराआड उभी होती. चंद्रभान गुरुजींना तिचा पदर दिसला असावा.

"उमा," ते म्हणाले, "तू तरी सांग की."

ती आत निघून गेली. चंद्रभान गुरुजींनी पत्रकाची नीट घडी घालून खिशात ठेवली आणि गेले. त्यांनी पाथरीकडे बदली मागून घेतली. सहा महिन्यांत गेलेही. वस्तीनं त्यांना निरोप दिला नाही, हे भागम्माच्या बोलण्यातून कळलं.

त्या दिवसापासून मला कुणी उघडलं नाही. उघडणार कसं? उमानं एखादी पत्रिका लिहिली असती तर गावाला कळलं असतं की हे अक्षर या घरातही आहे. गुरुजींनी तिला तसं लिहायची बंदी केली. मग तिनं अक्षरच बदललं. मुद्दाम तिरकं, घाईचं, वेलांट्या तुटलेल्या. लग्न होऊन ती परभणीला गेली, तिची पत्रं यायची तीही त्याच अक्षरात. गुरुजी ती वाचून खूश व्हायचे. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात, पण या घरात बरीच वर्षं राहिलं.

माझ्यावर आधी लोणच्याची बरणी आली, मग रद्दी. जाळीतली शाई वाळून दगड झाली. आत काहीच जाणवेना. रूळ फिरला काय अन् नाही फिरला काय, असं वाटायला लागलं आणि ते बरंच वाटलं. भागम्मा गेल्या तेव्हा त्यांच्या तेराव्याची पत्रंही बाहेरून छापून आणली. एकोणनव्वद साली चंद्रभान गुरुजी वारल्याचं कुणीतरी ओट्यावर सांगितलं. सुमनबाई मुलाबाळांना घेऊन वस्तीतल्या घरी परत आल्या होत्या. गुरुजी ऐकून "अरेरे" म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

या संक्रांतीला, म्हणजे चौऱ्याण्णवच्या, विद्यापीठाच्या नामविस्ताराची बातमी आली. आठ दिवसांनी उमादेवी माहेरी आली. पिशवीत शाईचा डबा, मेणकागद, कोरे कागद. तिनं माझ्यावरची रद्दी उतरवली, रॉकेलच्या फडक्यानं जाळी पुसली. तीन फडकी काळी झाली. मला दुखलं. इतक्या वर्षांनी काही दुखलं म्हणून सांगतोय.

मग ती लिहायला बसली, आणि अक्षर येईना. दोन मेणकागद वाया गेले. तिरकी सवय हाडात गेली होती. तिसऱ्या कागदावर ती पाटीवर गिरवावं तसं हळूहळू लिहीत गेली आणि ते जुनं वळण उतरलं.

"सन १९७८ मध्ये आपल्या गावात वाटलेलं पत्रक चंद्रभान गुरुजींनी लिहिलेलं नव्हतं. ते मी लिहिलं. अक्षर त्यांनी शिकवलेलं होतं. हा कागदही मीच लिहिला आहे, ताडून बघावा. उमादेवी, लिंगराज गुरुजींची मुलगी."

पन्नास प्रती काढल्या. गुरुजी खाटेवरून बघत होते.

"आता कशाला, उमा? सगळं निवळलंय."

"कुनाचं निवळलं, अप्पा?"

ती वस्तीत गेली. दोन तासांनी परतली तेव्हा गठ्ठा हातातच होता. तिनं तो माझ्या झाकणावर ठेवला आणि जमिनीवर बसली.

"काय म्हनली सुमनबाई?" गुरुजींनी विचारलं.

"तिला वाचता येत न्हाई. आश्रुबाच्या नातवानं वाचून दाखवलं. तिनं कागद हातात घेतला, बोट फिरवलं त्याच्यावरून. म्हनली, ह्ये त्येंचंच अक्षर हाय. घरात त्येंच्या हातचं एक चिटुरं राहिलं न्हाई, त्येंनी नंतर शाळेबाहेर लिहिनंच सोडलं होतं. एक कागद ठिवून घेतला." उमादेवीनं गठ्ठ्याकडं बोट केलं. "बाकीचे परत दिले. म्हनली, वस्तीत कशाला वाटता? वस्तीला मी परत आल्यापासून सांगायलेय, त्येंनी लिहिलं न्हाई म्हनून. ह्ये तुमच्या गल्लीत वाटा."

एकोणपन्नास कागद रात्रभर माझ्यावर पडून होते. त्यांचं ओझं मला चांगलं कळत होतं.

तुमच्यापैकी कुणी घरासाठी असं यंत्र घ्यायला निघालं असेल तर दुकानदार विचारतो ते सगळं नीट सांगा. महिन्याला किती कागद, शाई कोणती, जागा किती. तो योग्यच सल्ला देईल. पण कुणाला नाही म्हणायचं हे तो विचारणार नाही. ते घरून ठरवून जा. आम्हाला मजकूर कळत नाही, आणि कळला तरी आम्ही थांबत नाही.

आज सकाळी उमादेवीनं आंघोळ केली, गठ्ठा उचलला आणि बाहेर पडली. शेजारच्या नागनाथांच्या दाराची कडी वाजली. "काय गं उमा, कवा आलीस?" असं कुणीतरी विचारलं. गुरुजी खाटेवरून उठले, भिंतीला धरून दारापर्यंत गेले. मला वाटलं, तिला हाक मारतील, किंवा तिच्यामागं जातील. त्यांनी दार लावलं आणि आतून कडी घातली.