न बिघडलेलं कार्ड

मुहूर्त सकाळी दहा वाजून बारा मिनिटांचा होता. बरोबर दहा बाराला गव्हाण फिरली, हंगामातली उसाची पहिली मोळी चरकात गेली, आणि हे जमलं कारण पॅनेलमधलं बंद पडलेलं कार्ड मी बदललं होतं.

हे आता विसरून जा. असं काही घडलेलं नाही. कार्ड बंद पडलं नव्हतं, ते कुणी बदललं नाही, आणि त्या सकाळी मी पॅनेलमध्ये डोकं घालून बसलो होतो ते बहुतेक सावलीसाठी.

आमचा साखर कारखाना कोल्हापूरपासून चाळीस मिनिटांवर आहे, पुढं उसाची ट्रॉली नसेल तर. मी तिथं तीन वर्षं कंत्राटावर इन्स्ट्रुमेंट इंजिनियर आहे. चरकाकडे ऊस नेणाऱ्या गव्हाणीचा वेग, चरकाचा वेग हे सगळं पॅनेलमधला एक कंट्रोलर बघतो. तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे आणि कायम आहे. तो जे बघतो ते कंट्रोल रूमच्या पडद्यावर पोचवायचं काम वहीएवढ्या एका कार्डाचं. कार्ड गेलं की दोघांचं बोलणं बंद, बांधावरून भांडलेल्या भावांसारखं. आणि ते बोलले नाहीत तर गव्हाण जागची हलत नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या यंत्रांची पूजा होते. चेअरमन गणपतराव, म्हणजे सगळ्यांचे आबा, स्वतः येतात. यंदा त्यांना कुणीतरी सांगितलं की कारखान्याचा मेंदू ह्या पॅनेलमध्ये असतो. आबांनी मेंदूचं दार उघडायला लावलं, आत हळदकुंकू वाहिलं आणि दाराच्या चौकटीवरच नारळ फोडला. नारळात पाणी भरपूर होतं. कार्डाचा हिरवा दिवा दोनदा लुकलुकला आणि विझला. देवानं कौल दिला असं समजून सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले, पण माझं कारण वेगळं होतं.

मोळी टाकायला वीस दिवस होते. मुख्य अभियंता अमरसिंह साहेबांनी मला बाजूला घेतलं.

"ऋतुराज, मुहूर्ताला गव्हाण फिरली पायजे. फिरली तर तुला कायम करायचा कागद मी स्वतः आबांच्या पुढं ठेवतो. न्हाय फिरली, तर तुझं कंत्राट तसं बी पुढच्या महिन्यात संपतंयच."

मी मागणीपत्र भरून स्टोअरकीपर केरबाआण्णांकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"बिघाडाचं कारण, नारळाचं पाणी? ह्ये काय लिवलंयस?"

"तेच झालंय, आण्णा."

"नारळ कुणी फोडला?"

"आबांनी."

"मग आबांच्या हातनं पूजा झालेली वस्तू बिघडती व्हय?"

"मग उंदीर लिहू?"

"उंदीर लिवलास की औषध का टाकलं न्हाय म्हणून स्टोअरवर येतंय. पुढच्या साली रिटायर होणार हाय मी. उंदरापायी माझी फाईल अडकवतोस?" त्यांनी मागणीपत्राची घडी घातली आणि तिच्यावर चहाचा कप ठेवला. "कार्ड बिघडलेलं न्हाय. न बिघडलेल्या वस्तूला बदली मिळत न्हाय. जा आता."

मी परस्परच कार्ड बनवणाऱ्या कंपनीला पुण्यात फोन लावला. तिथल्या साहेबांना मॉडेलचा नंबर सांगितला तर त्यांनी तो परत म्हणायला लावला. ते कार्ड बनवणं बंद होऊन अठरा वर्षं झाली होती.

"अजून चालतंय तुमच्याकडे?"

"खंडेनवमीपर्यंत चालत होतं."

त्यांनी सगळी यंत्रणाच नवी बसवा म्हणून सुचवलं. आठ महिने लागतील म्हणाले. मी म्हटलं, उसाला विचारून कळवतो.

मग कोल्हापूरच्या उद्यमनगरातली भंगाराची दुकानं एकेक करून पालथी घातली. खिशात नमुना म्हणून आमचंच मेलेलं कार्ड. एकोणिसाव्या दिवशी दुपारी बनाबाईंच्या दुकानात पोचलो. त्या टेबलामागं बसून पितळ तोलत होत्या. टेबलाचा एक पाय तोकडा होता, आणि त्या पायाखाली होतं कार्ड. तेच मॉडेल.

"काय पावणं, टेबलाखाली काय हारवलं?"

"मावशी, ह्ये कार्ड पायजे."

"ते इकायचं न्हाय. कामावर हाय."

"कसलं काम?"

"सूतगिरणीतनं आलंय, ती बंद पडल्यापास्नं टेबल धरून हाय. सा वर्सं झाली, एका दिसाचा खाडा न्हाय."

मी आमचं कार्ड पुढं केलं. त्यांनी बोटांनी जाडी मोजली आणि वास घेतला.

"ग्वाड वास कसला ह्येला?"

"पूजा झालीया त्याची."

"मग चांगल्या घरचं दिसतंय. ठेव."

अदलाबदल झाली. आमच्या कार्डाला तिथं लगेच कायम नेमणूक मिळाली. मुलाखत अर्धा मिनिट चालली. माझं तिसरं वर्ष चालू होतं.

मुहूर्ताच्या सकाळी नऊ वाजता मी कार्ड बसवलं. दिवा लागला, पण लाल. तेव्हा आठवलं, कार्डाच्या पाठीवर आठ बारके खटके असतात. ते वर-खाली करून कार्डाला त्याचा पत्ता सांगायचा असतो. हे कार्ड अजून सूतगिरणीत राहत होतं. आमचा पत्ता फक्त जुन्या कार्डावर होता. मॅन्युअल महापुरात गेलं होतं.

बनाबाईंनी फोन उचलला तेव्हा दहाला पाच कमी होते.

"मावशी, टेबलाखालचं कार्ड काढा की जरा."

"का? चांगलं काम करतंय. तक्रार न्हाय माझी."

"त्याच्या पाठीवर खटके हायत. कुठला वर, कुठला खाली, तेवढं सांगा."

"टेबलावर काटा हाय, काट्यावर गिऱ्हाइकाची घागर हाय."

मागून गिऱ्हाईक ओरडलं, "घागर हलवायची न्हाय! वजन चालू हाय!"

माझ्यामागं आबा येऊन उभे राहिले. डोक्याला फेटा, दोन्ही हातांत मोळी.

"काय चाललंय रं?"

"शेवटची तपासणी, आबा."

"लवकर आटप. मोळी जड हाय."

फोनमध्ये काहीतरी दणकन पडलं. घागर असावी. मग बनाबाईंचा आवाज टेबलाखालून आला. "पैला वर. दुसरा वर. तिसरा खाली. चवथ्यात हळद बसलीया, दिसंना."

"खरवडा की नखानं!"

"हळदीला नख लावू? सवाष्ण हाय मी!"

"बरं, मग पुढचे सांगा."

पाचवा खाली, सहावा वर, सातवा-आठवा खाली. दहा वाजून दहा. चौथा वर केला. लाल. आबांनी मोळी खांद्यावर घेतली होती, भटजींनी मंत्र दुसऱ्यांदा सुरू केले होते. चौथा खाली केला. हिरवा. गव्हाण फिरली, आबांनी मोळी टाकली, टाळ्या झाल्या. मोळी चांगली टाकल्याबद्दल आबांचा सत्कार झाला.

महिन्याअखेरीला मी अमरसिंह साहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

"साहेब, कायमचा कागद."

"ठेवला की आबांच्या पुढं. त्यांनी इचारलं, पोरानं काम काय केलं? मी लॉगबुक काढलं. त्यात काय बी न्हाय."

"कार्ड बदललं, साहेब!"

"बिघडल्याची नोंद हाय का?"

"न्हाय."

"मग बदललंस कशाला? चालू वस्तूला हात लावलास म्हणून उलटी नोटीस निघंल. गप बस." मग आवाज खाली आणून म्हणाले, "अर्ज कर पायजे तर. अर्ज घेतात."

तो खाली देत आहे. आवक-जावकमध्ये त्याला नंबर मिळालेला आहे.

*मा. चेअरमन साहेब यांसी,*

*विषय: चालू कार्ड अधिकृतपणे बिघडवण्यास परवानगी मिळणेबाबत.*

*महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, अर्जदाराचे काम नोंदीत येण्यासाठी आधी बिघाड नोंदीत येणे आवश्यक आहे. सबब, ऐन हंगामात आपल्या सोयीच्या दिवशी गव्हाण एक तास बंद ठेवून, सदर कार्ड आपल्या समक्ष, लॉगबुकात लिहिता येईल अशा कोणत्याही कारणाने बिघडवण्याची परवानगी द्यावी. त्याच तासात ते दुरुस्त करून घ्यावे. आणि तास पूर्ण होण्यापूर्वी अर्जदारास सेवेत कायम करावे, ही नम्र विनंती.*