लाल गोयी, पांढरी गोयी

एकोणऐंशीचं साल. जयवंता माही लहान जाऊ. हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगात आमी दोघी संगंच कामाले जाओ, अन् टीबी बी आमाले संगंच लागला. लोकं म्हणत, या जावा बिमारीबी वाटून घेतात.

मोठ्या दवाखान्यात तवा दोन औषधं तपासून राह्यले व्हते. डाक्टरनं आमाले समोर बसवून सांगतलं का दोन्ही औषधं टीबीचीच हायेत, कोणतं लवकर गुण देते तेवढंच पाहाचं हाय. चिठ्ठीत ज्याचं जे निघन थे त्यानंच घ्याचं, रोज. आमी माना डोलावल्या. कोन आयकते बाप्पा! दवाखान्यात गेलं का माह्या कानाले कुलूपच लागे.

माही औषधाची गोयी लाल निघाली. महिन्याभरात माहा खोकला बसला, आंगावर मास चढलं. जयवंताची गोयी पांढरी, अन् तिचा खोकला काई जाये नाई. आयाबाया म्हणाल्या, अर्ध्याइले खरं औषध देतात अन् अर्ध्याइले खडू. मले पटलं. असा संताप आला का काय सांगू. माह्या घरची पोरगी काऊन खडू खाईन?

आमच्या घरी एकटीनं कधी काई खाल्लं नाई. चार बोरं असली तं दोन-दोन. मंग मी गोयाबी वाटल्या. एक दिवस लाल तिले, पांढरी मले. दुसऱ्या दिवशी उलटं. डाक्टर दर हप्त्याले रिकाम्या डब्ब्या पाहे अन् शाबासकी दे. मी मनात हासो.

चार महिन्यानं जयवंताच्या तोंडातून रगत आलं. तिले भरती केलं. औषध लागू काऊन पडलं नाई म्हणून डाक्टर हैरान. मी फाडकन सांगून देल्लं का खडूनं काय होईन, आमी गोया वाटून खातो, थे माह्या गोयीवरच जगून राह्यली. त्याचा चेहरा उतरला. रागावला असता तं बरं झालं असतं.

"देवकाबाई, तो खडू नव्हता," थो म्हणाला. "तिचं औषध सावकाश लागणारं होतं, पण रोज घेतलं असतं तर ती बरी झाली असती. वाटून घेतल्यानं दोन्ही वाया गेली."

माहाबी टीबी आता गोयीले दाद देत नव्हता, म्हणून त्यानं माह्यासाठी वर्षभराच्या सुया लिहून देल्ल्या. मी वार्डात गेली. जयवंतानं माहा हात धरला.

"बाई, तुह्या गोयीनंच एवढे दिवस काढले वं मी."

मी तिचे केस सारखे करत बसली. चवथ्या दिवशी थे गेली, माहे उपकार मानत गेली.