फक्त वजनाच्या वस्त्या

“दोन्ही रेषा एकावर एक येऊन बसल्यात,” मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी संगणकाचा पडदा वजनबाईंकडे वळवला. “ही नर्स जाते त्या चार वस्त्यांमधल्या बाळांची. आणि ही, नर्स जात नाही त्या चार वस्त्यांमधली. मध्ये बोट घालायलाही जागा नाही.”

वजनबाईंनी चष्मा नाकावर सरळ करून बघितलं. दोन वर्षं दर महिन्याला बाळांची वजनं त्यांनी स्वतः लिहिली होती, पण त्यांची अशी रेष होते हे त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

“म्हणजे सगळीच वाढली. चांगलंच झालं की.”

“बाळांचं चांगलं झालं. नर्सचं नाही.” मॅडमनी डोळे चोळले. त्या वयाने वजनबाईंच्या सुनेएवढ्या, पण आठवडाभराच्या जाग्रणाने थोराड दिसत होत्या. “आठवड्याला घरी नर्स पाठवून बाळं जेवढी वाढली, तेवढीच न पाठवताही वाढली. मग सरकार कशाला पाठवेल, ताई? सहाशे वस्त्यांना नर्स द्यायची की नाही हे उद्या दुपारी बैठकीत ठरायचंय. हा आलेख दाखवला की विषय संपला. आपल्या वस्त्यांतलं कामही महिनाअखेर बंद.”

वजनबाईंनी खुर्ची पडद्याजवळ ओढली.

“गंमत बघा,” मॅडम पडद्यावर बोट फिरवत म्हणाल्या. “पहिले चार महिने दोन रेषांत चांगलं अंतर पडत होतं. पाचव्या महिन्यापासून खालची वर चढायला लागली ती थांबलीच नाही. का, तेच कळत नाहीये.”

वजनबाईंना कळत होतं. पण त्या गप्प राहिल्या. गप्प राहण्यासाठीच तर त्यांना निवडलं होतं.

त्याचं असं झालं होतं. काम सुरू झालं तेव्हा मॅडमनी सगळ्यांसमोर आठ चिठ्ठ्या टाकल्या आणि चार उचलल्या. उचललेल्या चार वस्त्यांना नर्स मिळाली, उरलेल्या चारांत नुसतं वजन घ्यायचं ठरलं. कोणीतरी विचारलं, हा कसला न्याय? तेव्हा मॅडम म्हणाल्या होत्या, “उद्या बाळं वाढली, तर ती नर्समुळे वाढली की त्या वर्षी कामधंदा बरा होता म्हणून वाढली, हे कशावरून ओळखणार? शेजारी तशाच घरातली बाळं मोजली तरच कळेल. आणि एकदा कळलं की सगळ्यांसाठी मागता येईल.” वजनबाईंना हे मनापासून पटलं होतं. वजनकाटा हा त्यांचा विषय. दर वस्तीत पोचल्यावर पिशवीतलं दोन किलोचं माप टांगून त्या आधी काटा तपासत, बाळाचं झबलं उतरवत, आईचा हात झोळीला लागत नाही ना ते बघत, आणि तीनदा वाचल्याशिवाय आकडा लिहीत नसत. बायका हसत. “वजनबाई, सोनं तोलताय का?” असं विचारत. तेच नाव त्यांना चिकटलं, आणि ऑफिसातही तेच चाललं.

वजन घेणाऱ्या दोघी होत्या. दुसरी होती बोलघेवडी, कुठेही गेली की घरचीच होऊन बसणारी. म्हणून तिला नर्सच्या वस्त्या दिल्या आणि नर्स नसलेल्या चारही वजनबाईंना, कारण त्या नाकासमोर चालणाऱ्या. नियम साधा होता. वजन घ्या, लिहा, उठा. बाळ धोक्यात वाटलं तर लाल चिठ्ठी देऊन दवाखान्यात जायला सांगा. बाकी सल्ला नाही, सूचना नाही, तोंडात मिठाची गुळणी.

आणि या नाकासमोर चालणाऱ्या बाईंनी गेले वीस महिने चारही वस्त्यांमध्ये तोंड उघडलं होतं.

नर्सच्या प्रशिक्षणात काटा दाखवायला म्हणून त्या पाच दिवस मागच्या बाकावर बसल्या होत्या. ऐकलेलं सगळं डोक्यात होतं. पहिल्यांदा झोळीची घडी करता करता एका आईला हळूच सांगितलं, जुलाब लागले तर दूध तोडू नकोस, मीठसाखरेचं पाणी चमच्याचमच्याने देत राहा. पुढच्या महिन्यात तिथे चार जणी थांबलेल्या होत्या. मग दुसऱ्या वस्तीतही तेच. नियम अगदीच मोडल्यासारखा वाटू नये म्हणून वजनबाई सल्ला देत नसत, आठवणी सांगत. “माझी मुलगी लहान होती तेव्हा मी तिला सहाव्या महिन्यापासून घट्टसर भरवायचे, पाणचट नाही.” वजनबाईंना मुलगीच नव्हती. एक मुलगा होता, तोही सासूबाईंनी वाढवलेला. पण त्या नसलेल्या मुलीला काय काय भरवलं, किती वेळा हात धुवून भरवलं, ताप आला तेव्हा काय बघितलं, हे चार वस्त्यांतल्या बायकांना तोंडपाठ झालं होतं.

संध्याकाळी ताटं वाढताना त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा घड्याळजी. दुकान मुलाकडे दिलं तरी एक भिंग अजून त्याच्या सदऱ्याच्या खिशात असे.

“यात तुझा गुन्हा काय?” तो म्हणाला. “पोरं वाचली ना?”

“चार वस्त्यांतली वाचली असतील. पण माझ्यामुळे कागदावर असं उमटलंय की नर्सचा काही उपयोग नाही. उद्या ते तेच धरून सहाशे वस्त्यांना नाही म्हणणार.”

“नाही म्हणणारे म्हणणारच. त्यांना निमित्त हवं असतं.”

“पण ते निमित्त मी दिलं, अहो.”

त्याने भाताला हात लावला नाही. “सांगितलंस तर उद्याच घरी बसवतील. या वयात दुसरं काम मिळणार नाही. गप्प बसलीस तर कुणाला कळणार आहे? बायका थोड्याच सांगायला येतायत?”

“एखादं घड्याळ चुकीची वेळ दाखवतंय हे माहीत असताना तुम्ही गिऱ्हाइकाच्या हातात दिलं असतंत?”

“अगं, घड्याळाची गोष्ट वेगळी.”

“दिलं असतंत का?”

“नाही,” तो म्हणाला. मग त्याने भात कालवायला घेतला. हात धुताना तो म्हणाला, “जायचंच तर सकाळी लवकर जा. बैठकीआधी तिच्या हातात वेळ राहील.”

ऑफिस उघडायच्या आधीच वजनबाई पायरीवर बसल्या होत्या. मॅडम आल्या, कुलूप काढलं, आणि दिवा लावायच्या आत वजनबाईंनी सांगून टाकलं. नसलेल्या मुलीसकट.

मॅडम खुर्चीत बसल्या. त्या ओरडल्या असत्या तर वजनबाईंना सोपं गेलं असतं.

“सगळ्यांमध्ये तुमच्यावर माझा जास्त विश्वास होता,” त्या म्हणाल्या. “म्हणून ह्या चार वस्त्या तुम्हाला दिल्या.”

“हो.”

“दोन वर्षं, ताई. आठ वस्त्या. आता मी बैठकीत काय सांगू?”

“जे झालं ते सांगा. नर्सचं शिकवणं दुसरीकडेही पोचलं, म्हणून फरक दिसला नाही, असं सांगा.”

“ते मानायला हवेत ना. ते म्हणतील, मोजणारीनेच शिकवलं, मग या मोजणीत राम काय? फार तर म्हणतील, परत करा. पुन्हा दोन वर्षं. तोवर ना नर्स, ना काही.” मॅडमनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. “किंवा परत करायलाही नाही म्हणतील.”

वजनबाईंना वाटलं होतं, खरं सांगितलं की निदान एक बाजू तरी हलकी होईल. तसं काही झालं नाही.

थोड्या वेळाने मॅडमनी चारही वस्त्यांच्या नोंदवह्या काढल्या आणि टेबलावर ठेवल्या. “तो आलेख मी आता दाखवू शकत नाही. पण नुसतं ‘गडबड झाली’ म्हणूनही जाता येणार नाही. एकेक बाळ घेऊ. कुणाच्या आईला काय सांगितलंत, कितव्या महिन्यापासून. आठवेल?”

“आठवेल.”

एकशे अठरा बाळं होती. वजनबाईंना सगळी आठवत होती. कोणाच्या आईने ऐकलं, कोणाची आजी आडवी आली, कोणी उलट येऊन सांगितलं की तुमच्या मुलीची ती युक्ती आमच्याकडे चालली नाही. मॅडम लिहीत होत्या. एकदा त्यांना हसू आलं, ते त्यांनी खाली बघून दाबलं. चहा आला, तसाच गार झाला. बाराच्या सुमाराला तीन वस्त्या संपल्या आणि खाणीजवळच्या वस्तीची वही उघडली.

“ही पहिली,” मॅडम म्हणाल्या. “चार वजनं आहेत. पुढे रेघा मारल्यात.”

“हो.”

“हिच्या आईला काय सांगितलं होतंत?”

“काही नाही.”

मॅडमनी पेन थांबवलं.

“तिसऱ्या महिन्यात वजन उतरलं,” वजनबाई म्हणाल्या. “चौथ्यात आणखी उतरलं. डोळे खोल गेले होते. मी लाल चिठ्ठी दिली, दवाखान्यात जा म्हटलं. दवाखाना दोन बस बदलून आहे. ती म्हणाली, हे कामावरून आले की जाते, पण तोपर्यंत घरी काय देऊ ते तरी सांगा. मला माहीत होतं काय द्यायचं. मी म्हटलं, मला सांगायची परवानगी नाही.” त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि परत लावला. “पाचव्या महिन्यात मी काटा टांगला, तर ती बाई दारात नुसती उभी होती. हातात कोणी नव्हतं.”

बैठकीला दोन तास उरले होते.

“हिचे आकडे धरा, मॅडम,” वजनबाई म्हणाल्या. “चारही बरोबर आहेत, तीनतीनदा वाचलेले. हिच्या बाबतीत मी नियम मोडला नाही.”

मग त्यांनी वही स्वतःकडे ओढली, बोट पुढच्या ओळीवर ठेवलं आणि तिथल्या बाळाच्या आईचं नाव सांगितलं.