‘आठ कमळे’च्या काउंटरवरून

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. गाण्याचा नव्हे, नंबर पुकारण्याचा. पण माझ्यासमोर जिचा आवाज पहिल्यांदा उमटला, तिला ऐकायला पुढे हाँगकाँगच्या सभागृहात दहा हजार माणसं जमत, हे आधीच सांगून टाकतो. म्हातारपणी बढाई मारायची तर फार वेळ थांबू नये.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझं जाळीदार तोंड आरशासारखं चमकत होतं. मी थेट एका नाचघरात गेलो. दोन वर्षांत नाचघर बंद पडलं, आणि जुन्या सामानाबरोबर मी लॉस एंजेलिसजवळच्या मॉन्टेरी पार्कमधल्या ‘आठ कमळे’ या चिनी हॉटेलात आलो. जागा मिळाली ती दाराजवळच्या काउंटरवर, माशांच्या काचेच्या टाकीला लागून. रविवारी सकाळी डिमसम, म्हणजे गाड्यांवरून फिरवले जाणारे वाफाळते छोटे पदार्थ, खायला आलेली शंभर-दीडशे माणसं हातात चिठ्ठ्या घेऊन उभी असत आणि मी ओरडत असे, “सत्तावीस! पाच जण!” मनात म्हटलं, संपलं आपलं आयुष्य.

टाकीच्या ओलाव्याने माझा खटका गंजला. बंद केला तरी कधीकधी मी चालूच राहायचो. एकदा बिंगमामा, म्हणजे मालकीणबाईंचे धाकटे भाऊ आणि भटारखान्याचे राजे, काउंटरपाशी येऊन कुजबुजले, “सात नंबरच्या टकल्याला आता कोळंबी देऊ नकोस ताई, तो तिसऱ्यांदा शिळी म्हणून परत पाठवतोय.” सगळ्या हॉलने ऐकलं. टकल्यानेही ऐकलं. तेव्हापासून मला बंद करताना मालकीणबाई खटका अंगठ्याने दोनदा दाबत आणि वर एक चापटी मारत. माझी खोड त्यांच्याइतकी कोणालाच ठाऊक नव्हती.

मग एका रविवारी मालकीणबाईंचा घसा बसला. त्यांची नऊ वर्षांची मुलगी आ-यिंग सोया सॉसच्या डब्यावर चढली, मला दोन्ही हातांनी धरलं आणि पुकारलं, “त्रेसष्ट! सहा जण!” एकदा कँटोनीजमध्ये, एकदा मँडरिनमध्ये, एकदा इंग्रजीत. पण तिने पुकारलं नाही, मित्रांनो, ती गायली. आकडा वर चढवला, तिथे क्षणभर धरला आणि अलगद खाली आणून ठेवला. चहाच्या किटल्यांची झाकणं वाजायची थांबली.

“त्रेसष्ट कोण आहे? आत या ना!” बिंगमामा ओरडले.

“मी आहे,” दर रविवारी येणारे टोंगआजोबा म्हणाले. “पण पोरीने अजून एकदा पुकारल्याशिवाय मी हलणार नाही.”

सगळे हसले. टोंगआजोबा मालकीणबाईंना म्हणाले, “गळा आहे हो लेकीला!”

“कसला गळा!” मालकीणबाई बसक्या आवाजात म्हणाल्या. “कोंबडी अंडं घालताना ओरडते तसं ओरडते झालं.”

आमच्याकडे ही रीतच आहे. लेकराची कोणी स्तुती केली की आईने ती दोन्ही हातांनी परत ढकलायची, ताटातला शेवटचा तुकडा एकमेकांकडे ढकलतात तशी. समोरच्यालाही ते ठाऊक असतं. पण आ-यिंग सोमवार ते शुक्रवार जिथे जायची त्या अमेरिकन शाळेत इतर मुलांच्या आया टाळ्या वाजवून, मिठ्या मारून “माझी गुणाची गं!” म्हणत. दोन्हीकडच्या चाली शिकता शिकता पोरीच्या मनात एक प्रश्न अडकून राहिला. आईला आपलं गाणं खरंच आवडतं का?

आठ वर्षं तिने दर रविवारी नंबर गायले. सतराव्या वर्षी गाण्याच्या स्पर्धेत पहिली आली आणि हाँगकाँगला गेली. तिकडचं मला कळे ते माझ्या शेजारच्या टेलिफोनमुळे. सुरुवातीला तिकडे तिला ‘केळं’ म्हणून चिडवत, बाहेरून पिवळी आणि आतून गोरी. अमेरिकेतले कंपनीवाले म्हणत, आवाज छान आहे, पण हा चेहरा कोण विकत घेणार? तरी तिसरी कॅसेट आली आणि आमच्या गल्लीतल्या प्रत्येक दुकानातून तीच ऐकू येऊ लागली. बक्षिसं झाली, मोठमोठी पोस्टरं झाली. मालकीणबाई फोनवर विचारत, “जेवलीस का?” आणि मग, “रेडिओवर ऐकलं तुझं गाणं. दुसऱ्या कडव्यात श्वास ऐकू येतो.”

एवढंच. पण हॉटेल उघडण्याआधी, एकट्या असताना, मला पुसायच्या निमित्ताने त्या तेच दुसरं कडवं गुणगुणत. बेसूर, पण शब्द न् शब्द पाठ. ते फक्त मला आणि माशांना ठाऊक होतं.

हाँगकाँगला गेल्यापासून चोवीस वर्षांनी आ-यिंग लॉस एंजेलिसमध्ये कार्यक्रम करायला आली. आदल्या रविवारी ती आमच्याकडे जेवायला बसली. हॉल नुसता फुलला होता. काठी टेकत टोंगआजोबा आले.

“मालकीणबाई, नशीब काढलंत हो!”

“छे, छे! आता कुठे राहिलाय पूर्वीचा आवाज,” मालकीणबाई सवयीने म्हणाल्या.

आ-यिंगने जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. उठून ती काउंटरशी आली आणि आईला हळूच म्हणाली, “खरं आहे तुझं, आ-मा. घसा दुखतो, आणि तुला तर कधी आवडलंच नाही. हा कार्यक्रम झाला की मी गाणं सोडणार आहे.” आईचं उत्तर न ऐकताच ती टेबलाकडे परतली.

मालकीणबाईंचा हात माझ्यावर होता. त्यांनी पुकारलं, “एकेचाळीस! चार जण!” मला चिठ्ठ्यांच्या डब्याला टेकवून ठेवलं आणि भावाला हाक मारली.

“बिंग, इकडे ये. ही गाणं सोडते म्हणे! अरे, नऊ वर्षांची होती तेव्हा ‘त्रेसष्ट’ म्हणाली, आणि माझा घसा बसलेला म्हणून बरं, नाहीतर तिथेच हंबरडा फोडला असता मी. तिची प्रत्येक कॅसेट तांदळाच्या पोत्यांमागे ठेवलीय. रोज ऐकते. तिच्यासारखं गाणारं आपल्या सात पिढ्यांत कोणी झालं नाही, आणि मी मूर्ख बाई तिला श्वास मोजून दाखवते!”

हॉलमध्ये डिमसमच्या गाड्यांची चाकंसुद्धा थांबली होती.

“ताई,” बिंगमामा म्हणाले, “माइक चालू आहे.”

“अगंबाई! मेला खटका अडकला वाटतं,” मालकीणबाई म्हणाल्या आणि घाईघाईने मासे मोजू लागल्या.

आ-यिंग आली. रडत होती आणि हसतही होती. तिने मला उचललं, जाळीवरून बोट फिरवलं आणि गायली, “बेचाळीस! तीन जण!” आवाज थोडा जाड झाला होता, पण वर जाऊन तसाच थांबला. बेचाळीस नंबरवाले जागचे हलले नाहीत. अजून एकदा पुकारल्याशिवाय हलणार नव्हते. ती आजही गाते, मित्रांनो. वर्षातून थोडे कार्यक्रम करते, घसा सांभाळून.

आता नंबर लोकांच्या मोबाइलवर जातो. नवीन मॅनेजर मला अडगळीत टाकणार होता, पण मालकीणबाईंनी हात लावू दिला नाही. तुमच्या घरीही असं एखादं जुनं यंत्र असेल तर त्याला पाण्याजवळ ठेवू नका, कोरड्या फडक्याने पुसत जा. आणि आपल्या माणसाबद्दल मनात काही चांगलं असेल, तर ते माशांना आणि माइकांना सांगत बसू नका.

आणखी एक गोष्ट सांगतो, पण मालकीणबाईंकडे बोलू नका. त्या दिवशी माझा खटका अडकला नव्हता. मला टेकवून ठेवताना त्यांचा अंगठा खटक्यावर होता, तो मला कळत होता. त्यांनी खटका दाबलाच नाही.